खालून धरायची वाट

धुकं असं दाट पडलं होतं की यार्डातल्या पाइपांच्या थप्प्या कुठे संपतात आणि धुकं कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये. सकाळचे सात वाजले होते. घार चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून क्रेनच्या केबिनमध्ये आली, दाराला आतून कडी घातली आणि ओल्या फडक्यानं समोरची काच पुसली. काही दिसेना म्हणून परत पुसली. तिसऱ्यांदा पुसताना तिच्या लक्षात आलं की काच मघापासून स्वच्छच आहे.

घार हे तिचं यार्डातलं नाव. सव्वीस वर्षं ती वर बसते आणि खालचं सगळं बघते. कोण थप्पीमागे विडी ओढतोय, कोण हेल्मेट उशाला घेऊन आडवा झालाय. म्हणून घार. तिला ते नाव आवडतं का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही कधी ठरवलं नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत ती चहाचा घोट घेत नाही, कारण घोट घेतला की मधेच उतरणं आलं, आणि गुडघे आता दिवसातून दोनदाच चढायला राजी होते.

तिनं सवयीनं सगळं तपासलं. ब्रेक दाबून पाहिला, भोंगा वाजवला, आकडा वर नेऊन तो शेवटाला आपोआप थांबतो का ते पाहिलं. मग आकडा खाली सोडला. थोडा गेला आणि धुक्यात नाहीसाच झाला. दोर तेवढा हलत राहिला.

वायरलेसवर मुकादम बोलला, "घारताई, उतरा. आज काय खरं नाही."

"परत कधी चढायचं मग?"

"धुक्याला विचारून सांगतो. तोवर घरी जा. भावाकडे बघा जरा."

तो भल्यासाठीच बोलला. पण घारीला आज घर नको होतं. बारा वाजायच्या आत भावाचा निकाल लागायचा होता आणि तो तिनं लावायचा होता. क्रेन चालू असती तर निदान बारापर्यंत कामाचं निमित्त तरी मिळालं असतं.

भाऊ तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्याला ती दादा म्हणते. दादानं जन्मभर दात केले. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि दादा मागच्या खोलीत बसून त्यांच्या कवळ्या करायचा. लोक रस्त्यात भेटले की तो आधी त्यांच्या तोंडात बघायचा, मग नमस्कार घालायचा. विमानात तो कधी बसला नव्हता. बसायची हौसही नव्हती. पण काम सोडल्यावर त्याच मागच्या खोलीत त्यानं विमान उभं केलं. भंगारातल्या एका व्हॅनची सीट, प्लायवूडचा बोर्ड, त्यावर बटणं आणि मुठी, हातात धरायचं सुकाणू, समोर तीन पडदे. रोज सकाळी दोन तास तो जगातल्या कुठल्या तरी विमानतळावर धुक्यात विमान उतरवायचा. स्वच्छ हवेत उतरवण्यात त्याला काडीचा रस नव्हता. वहिनी त्या विमानाला 'माझी सवत' म्हणायची.

आठ महिन्यांपूर्वी दादाला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. पाच-सहा शब्द उरले. पाणी, थांब, नाही, तसं नाही, खाली. एवढ्यावर तो दिवस काढायचा. कधी पाणी म्हणायचा आणि पाणी दिलं की चिडायचा. कधी चष्मा शोधशोध शोधायचा आणि तो सापडायचा पाण्याच्या भांड्यात. हे सगळं त्याच्या डोक्यातून गेलंय की फक्त तोंडातून आणि हातातून, ते डॉक्टरांनाही धड सांगता येईना. एक म्हणाला, समजतं सगळं. दुसरा म्हणाला, बघू.

दादाचा मुलगा, म्हणजे घारीचा भाचा, दुसऱ्या शहरात असतो. त्यानं तिथलं एक केंद्र बघून ठेवलं होतं. अशा माणसांना कायमचं ठेवून घेतात. एक जागा रिकामी झाली होती आणि आज बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"आत्या, एकच सांग," तो फोनवर म्हणाला होता. "बाबांचं डोकं चालतं की नाही? चालत असेल तर घरीच ठेवू, मदतीला बाई लावू. चालत नसेल तर आईला कशाला त्यात पिळायचं?"

आणि तीन आठवड्यांपूर्वी घारीनंच त्याला सांगितलं होतं, "नाही रे चालत. मी बघतेय ना."

काय बघत होती ती? विमान बघत होती. सुट्टीच्या दिवशी दादा डाव्या हातानं तिची बाही धरायचा आणि ओढत मागच्या खोलीत न्यायचा. तिला सीटवर बसवायचा, आपण शेजारी उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसायचा. डोकं त्याचं, हात तिचे. चांगला होता तेव्हा त्यानं तिला शंभरदा समजावलं होतं की धावपट्टीपासून रेडिओची एक तिरकी वाट आकाशात गेलेली असते. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. ऑटोपायलटनं ती वाट धरली की तो धुक्यातसुद्धा विमान उतरत्या रस्त्यानं खाली आणतो. शेवटचं टेकवणं तेवढं माणसानं करायचं. घार तेव्हा हो हो म्हणायची आणि दादा कवळीबद्दल बोलतोय की विमानाबद्दल याकडेही तिचं लक्ष नसायचं.

आता बटणं तिला पाठ झाली होती. धावपट्टीचा रेडिओ नंबर लावायचा, उंची लावायची, दिशा लावायची आणि ऑटोपायलटला ती वाट धरायला सांगणारं अ‍ॅप्रोचचं बटण दाबायचं. विमान गुमान वळून धावपट्टीच्या रेषेत यायचं. इथवर छान. पण धावपट्टी अजून कोसभर लांब, खाली डोंगर, सगळीकडे धुकं, आणि दादा म्हणायचा, "खाली."

"आत्ता? डोंगरावर बसवायचंय का?"

"खाली. खाली!"

घारीच्या धंद्यात याच्यासारखं पाप नाही. ओझं आधी सगळ्यात उंच थप्पीच्याही वर न्यायचं. मग बरोब्बर जागेच्या डोक्यावर आणायचं. झोका थांबू द्यायचा. मग सरळ खाली. पुढे जाता जाता खाली सोडणं, तिरकं उतरवणं, हे फक्त नव्यानं शिकणारे करतात, आणि मग पाइप झोका घेऊन कुणाचा तरी पाय घेतो. म्हणून ती उंचीचा आकडा कमी न करता उलट वाढवायची. विमान धावपट्टीच्या अगदी डोक्यावरून मस्त जायचं आणि तसंच पुढे निघून जायचं. ऑटोपायलट हूं की चूं करायचा नाही. दादा कपाळावर हात मारून घ्यायचा. दर वेळी हेच. माणसाला लांबचं आणि जवळचं कळेनासं झालंय, वर आणि खाली कळेनासं झालंय, असं घारीनं मनाशी ठरवलं आणि भाच्याला सांगून टाकलं.

ती घरी आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. वहिनी मोरीत कपडे धूत होती.

"आज घार लवकर खाली?"

"धुकं आहे."

"बरं झालं. सकाळपासून खिडकीत बसून तुझीच वाट बघतोय तुझा भाऊ. त्या सवतीचं दार तीनदा उघडून झालं." वहिनीनं हात झटकले आणि आवाज खाली आणला. "त्याला काय सांगणार आहेस? पोराला?"

"तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणू? माझ्याच्यानं उचलवत नाही आणि सोडवतही नाही. वन्संनी एकदा सांगितलंय, तेच खरं धरून चाललोय आम्ही." वहिनी एरवी तिला तू म्हणायची. वन्सं म्हणाली की समजायचं, आत काहीतरी सलतंय.

दादानं बाही धरली. त्याचा डावा हात अजून चांगला दणकट होता. घार मागच्या खोलीत गेली ती मुकाट. वाटलं, शेवटचंच असेल हे. बसू.

पडद्यावरही धुकंच होतं. वहिनी दारातून म्हणाली, "बाहेर एवढं फुकटचं पडलंय, ते पुरेना का?"

घारीनं नंबर लावला, दिशा लावली. उंची चार हजार फूट लावली. अ‍ॅप्रोचचं बटण दाबलं. विमान वळलं, रेषेत आलं. समोरच्या तबकडीच्या कडेला एक उभी पट्टी आहे आणि तिच्यावर पत्त्यातल्या चौकटीसारखा एक हिरवा ठिपका वर-खाली सरकतो. घारीच्या केबिनमध्येही अशीच पट्टी आहे. तिच्यावरची लाल खूण आकडा किती उंच आहे ते दाखवते. म्हणून घारीनं पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं की हिरवा ठिपका म्हणजे विमान. आत्ता ठिपका पार तळाला होता.

"खाली," दादा म्हणाला.

"दादा, अरे खालीच आहे ते. बघ ना. तळाला गेलंय. आणखी कुठे खाली?"

"नाही." त्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं. "नाही. तसं नाही. खाली!"

"म्हणजे खाली आहे ते खाली नाही, म्हणून आणखी खाली?"

दादानं डोळे मिटून घेतले. विमान धावपट्टीच्या डोक्यावरून निघून गेलं. तिला हसू आलं आणि हसता हसता रडूच आलं. आपण भावाची परीक्षा घेतोय की आपलीच होतेय, ते तिला समजेना. तिनं डोळे पुसले तर वहिनी अजून दारातच उभी.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," वहिनी म्हणाली. "पण एक विचारू? कामावर तुम्हाला थप्पीमागचं दिसत नाही तेव्हा काय करता?"

"खालचा इशारेवाला हातानं दाखवतो, वायरलेसवर सांगतो. तो सांगेल तसं."

"आणि त्याचं सांगणं पटलं नाही तर?"

"पटायचं काय त्यात? दिसतंय त्याला, मला नाही."

"मग त्या परक्या माणसाच्या सांगण्यावरून एवढाले पाइप खाली सोडता, आणि इथे पडद्यावरचं खोटं विमान सोडवत नाही होय तुमच्याच्यानं, वन्सं?" एवढं बोलून वहिनी मोरीकडे गेली. बादली आदळल्याचा आवाज आला.

घारीला ते लागलं. पण पटलं असं नाही. इशारेवाल्याला झटका आलेला नसतो, असं उत्तर तिच्या तोंडावर आलं होतं. घड्याळात दहा वाजून गेले होते. तिनं मनाशी हिशेब बांधला. एकदा, एकदाच, हा म्हणेल तसं करू. विमान डोंगरावर आपटेल. मग बारा वाजता हो म्हणताना आपली जीभ अडखळणार नाही.

"दादा, आज तुझंच. पण मग मला दोष द्यायचा नाही."

दादानं मान हलवली. तिनं विमान पुन्हा लांब नेऊन ठेवलं आणि सगळं सुरुवातीपासून लावलं. त्यानं आपल्या डाव्या हातानं उंचीची मूठ फिरवायला घेतली, पण त्या हाताला ती सवय नव्हती, आकडा भलतीकडे गेला. तिनं त्याचं बोट बाजूला केलं आणि मूठ आपण धरली. चार हजार. साडेतीन. तीन. "खाली," तो दर वेळी म्हणायचा. अडीच. दोन हजारांवर तो म्हणाला, "थांब."

धावपट्टी अजून कुठल्या कुठे. विमान धुक्यातून सरळ चाललेलं, खाली डोंगर असणार, दिसत नव्हते. घारीनं नाइलाजानं पट्टीकडे पाहिलं आणि तिची मती गुंग झाली. विमान तर तिनं दोन हजार फूट खाली आणलं होतं, आणि ठिपका चढून पार टोकाला बसला होता.

"हे बिघडलंय," ती म्हणाली. "खाली आणलं तर वर जातंय."

"थांब."

"अरे पण..."

"थांब."

थांबली. तिच्या बोटांना उंची परत वाढवायची सुरसुरी आली म्हणून तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. उंचीचा आकडा दोन हजारांवर गप्प होता. जराही हलत नव्हता. आणि तरी ठिपका खाली सरकायला लागला. हळूहळू. विमान तिथंच आणि ठिपका खाली. घारीनं एकदा उंचीकडे बघितलं, एकदा ठिपक्याकडे. मग परत उंचीकडे. हे विमान नाहीच. विमान हलत नाहीये आणि हा हलतोय, तर हा विमान कसा असेल? मग हा कोण?

ठिपका मधोमध आला आणि विमानानं नाक खाली केलं. कुणी काही दाबलं नव्हतं. ऑटोपायलटनं आपणहून वाट धरली होती. ती वाट वरून तिरकी खाली येत होती आणि हे विमान तिच्याखाली तिची वाट बघत चाललं होतं. घारीचं विमान आजवर वाटेच्या वर वर राहिलं होतं, आणि वाट बिचारी त्याच्या पोटाखालून धावपट्टीकडे निघून जात होती.

"दादा," ती म्हणाली. "ठिपका म्हणजे वाट आहे?"

ती आठ वर्षांची असताना बेरीज शिकवताना दादानं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं असेल, त्याच नजरेनं आता पाहिलं.

आकडा उतरत होता. पंधराशे, हजार, पाचशे. दादानं डाव्या हातानं इंजिनाची मूठ जराशी मागे घेतली. तिरकं उतरत होतं. पुढे जाता जाता खाली. घारीच्या डोळ्यांना ते अजूनही चूकच दिसत होतं. दोनशे फुटांवर धुकं फाटलं आणि दोन रांगांत दिवे लागलेले दिसले, बरोब्बर नाकासमोर. तिला हात लावायचं सुचेना. दादा पुढे वाकला आणि त्यानं सुकाणूवरचं लाल बटण अंगठ्यानं दाबलं. ऑटोपायलट सुटला, घंटी वाजली, घारीनं दचकून सुकाणू ओढलं. विमान एकदा उसळलं, दुसऱ्यांदा उसळलं, तिसऱ्यांदा धप्पकन बसलं आणि गवतात थोडं जाऊन थांबलं.

मोरीतून वहिनी ओरडली, "पडलं का?"

"नाही, वहिनी. बसलं."

"बसलं म्हणजे?"

"उतरलं गं. उतरलं!"

घारीला वाटलं दादा आता हसेल, निदान पाठीवर थाप मारेल. त्यानं तोंड वाकडं केलं. "नाही," तो म्हणाला. "तसं नाही." आणि त्यानं डावा तळहात पुढे धरला, तिरका खाली आणला, मांडीच्या जरा वर बोटं किंचित उचलली आणि मग हात मांडीवर असा टेकवला की कापडालाही कळू नये. कवळी खरवडून झाल्यावर डॉक्टरांच्या हातात ठेवायचा, तसा.

मग त्यानं बोर्डवर चिकटवलेला एक कागद दाखवला. घारीनं तो हजारदा पाहिला होता. त्यावर दादाच्या चांगल्या दिवसांतल्या अक्षरात '२०००' लिहून गोल केलेला होता. तिला वाटायचं ते साल आहे, त्या वर्षी काहीतरी घडलं असेल. तिनं कागद जवळून वाचला, गोलाखाली बारीक अक्षरं होती. उंची. वाट धरायच्या आधीची उंची. झटक्याच्या कितीतरी आधी लिहिलेली, आणि आज त्यानं बरोबर तिथंच 'थांब' म्हटलं होतं. कागदाकडे न बघता.

फोन साडेअकराला आला.

"आत्या, केंद्रवाले थांबलेत. काय सांगू?"

"नाही सांग."

"नाही म्हणजे? अगं, तूच म्हणालीस ना डोकं चालत नाही म्हणून?"

"मी म्हणाले. चुकून म्हणाले. मी वरून जात होते."

"कुठून वरून? कामावर आहेस का?"

"नाही रे. विमान. विमान उतरलं आज. त्यानं सांगितलं तसं केलं तर उतरलं. इतके दिवस तो बरोबर सांगत होता आणि मी ठिपक्याला विमान समजत होते."

"आत्या, तू बरी आहेस ना?"

"मला नको विचारूस. त्याचं विचार. त्याचं चालतं."

"काल त्यांनी चष्मा पाण्यात ठेवला. आईनं सांगितलं मला."

"ठेवला. तेही खरंच आहे."

"मग एक विमान उतरलं म्हणून मी..." तो अडखळला. "अगं, मी काय समजायचं यातून?"

"तेच तर मलाही धड समजत नाही. पण ज्या गोष्टीवरून मी तुला नाही म्हटलं होतं, ती गोष्टच चुकीची निघाली. मग तेवढ्यावरून त्याला घराबाहेर कसा काढू? तू सकाळची बाई बघ. बोलायला शिकवणारे असतात म्हणे, ते बघ. ती जागा दुसऱ्या कुणाला जाऊ दे."

"नंतर पुन्हा मिळायची नाही, आत्या."

"ठाऊक आहे."

"आणि तुझंच परत चुकत असेल तर?"

आपलं चुकत नाही असं छातीवर हात ठेवून सांगावं, तर सकाळीच स्वच्छ काच तीनदा पुसून झाली होती. "असेल," ती म्हणाली. "तेव्हा मीच फोन करीन. पण आज नाही सांग."

तो बरं म्हणाला. बरं म्हणताना रागावला होता की सुटल्यासारखं वाटलं होतं, ते आवाजावरून उमजेना.

ती वळली तर वहिनी पदराला हात पुसत मागेच उभी. काय झालं, असं तिनं विचारलं नाही. ऐकलंच होतं. तिचे डोळे भरून आले होते, पण आनंदानं की आणखी किती वर्षं उचलायचं या विचारानं, हे घारीला विचारवेना, आणि वहिनीला विचारलं असतं तरी सांगता आलं असतं असं नाही. मागच्या खोलीत दादानं डाव्या हातानं कळफलकाशी खटपट चालवली होती. विमान पुन्हा आकाशात नेऊन ठेवायचा त्याचा बेत दिसत होता.

"बसलीस तर उठणार नाहीस तिथून," वहिनी म्हणाली. "आधी ही चादर धर. एकटीनं पिळवत नाही."

दोघी मोरीच्या दारात समोरासमोर उभ्या राहिल्या आणि ओल्या चादरीची दोन टोकं धरून पिळायला लागल्या. पाणी काही पडेना. चादर नुसतीच दोघींच्या मधे दोरीसारखी गरगर फिरत राहिली.

"अगं, उजवीकडे पीळ," वहिनी म्हणाली.

"उजवीकडेच पिळतेय."

"माझ्या उजवीकडे की तुझ्या?"

घारीनं आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग वहिनीच्या. "थांब," ती म्हणाली, "तू धरून राहा नुसती. मी एकटीच पिळते."